बदली

बावा, आज कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या तुमच्याशी भांडावंसं वाटलं. इथे कुवेतमध्ये, मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीतून सलवातल्या घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तुम्हाला जे जे बोललो, ते तोंडावर बोलायची माझी हिंमत कधीच झाली नसती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की मी आधी हातातली सिगारेट विझवतो. घरी आलो, चहा घेतला, दोनदा बाल्कनीत जाऊन आलो, टीव्ही लावला, बंद केला. शेवटी मुलीच्या टेबलाशी बसून हे लिहायला घेतलं.

माझी तुमच्याबद्दलची पहिली आठवण खरं तर तुमची नाही, तुमच्या बातमीची आहे. मा मागच्या पडवीत बांगडे साफ करतेय आणि शेजारची चाची विचारतेय, “भाई अजून बहारीनलाच?” मा मान वर न करता सांगते, “बदली झाली त्यांची. बसऱ्याला.” आपल्या गावात बदली व्हायची ती तलाठ्याची नाहीतर मास्तरांची, म्हणजे सरकारी माणसाची. त्यामुळे माच्या आवाजात रुबाब होता. तुम्ही गोदीत काम करता आणि कंपनीच्या टीममध्ये फुटबॉल खेळता, एवढंच आम्हाला ठाऊक. कंपनी तुम्हाला या देशातून त्या देशात पाठवते म्हणजे तुमच्यावाचून तिचं अडत असणार, असं मी धरूनच चाललो होतो. बहारीन, बसरा, दुबई, मग कुवेत. शाळेतल्या नकाशावर मी तुमच्या मागोमाग बोट फिरवायचो. बसऱ्याला तेव्हा इराणशी लढाई पेटलेली. “लढाईत कसली बदली गो?” असं चाचीने विचारलं, तेव्हा माने पुढच्या बांगड्याचं डोकं जरा जोरातच कापलं.

एका सुट्टीत तुम्ही माझ्यासाठी बूट आणलेत, खरे, तळाला खिळे असलेले. दोन वर्षांनी बसतील एवढे मोठे. मी पुढे कापूस कोंबून ते घातले आणि भात कापून झालेल्या शेतात मॅच होती तिथे गेलो. मला कोणी खेळायला घेतलं नाही. बांधावर बसून मी लेस सोडायला लागलो, तर तुम्ही मागून आलात आणि कधी नव्हे ते ओरडलात, “लेस सोडायची नाही! बोलावणं कधी येईल सांगता येतं?” मी घाबरून पुन्हा बांधली. मोठे खेळाडू असंच बोलत असतील, असं वाटलं. मग इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं आणि तुम्ही वाळवंटातून जॉर्डनमार्गे एका प्लास्टिकच्या पिशवीनिशी घरी परतलात. पुन्हा कुठे गेला नाहीत. पण ओटीवर बसायचात तेसुद्धा बूट घालून, आणि माची त्यावरून रोज कटकट चालायची.

गेल्या महिन्यात इथल्या जहराला एका बकाल्यात, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, गेलो होतो. तिथे सुकट मिळते असं कळलं होतं. बकाला चालवणारा म्हातारा रायगडकडचा. त्याने आधी माझं गाव विचारलं, मग तुमचं नाव विचारलं, आणि हसायलाच लागला.

“तुजा बावा? आरं, तो तं आमचा बदली!”

मी म्हटलं, हो, त्यांच्या फार बदल्या झाल्या.

“तशी बदली नाय रं. अकरा जन खेलनार, तो भायेर बसनार. कोनाचा पाय मुरगलला की मॅनेजर वराडायचा, बदली! बहारीनमदी तं कंदी उठायची पालीच आली नाय. पन लेस बांधून बसायचा, शेवटची शिट्टी होईस्तो.”

“मग बसऱ्याला का पाठवलं त्यांना?”

“कोन धाडतोय? तोफा सुरू झाल्या, तितले आर्दे खेलाडू पलाले. ह्यो सोता मागनी करून गेला. तितं त्याला पुरा गेम मिलाला ना!”

सुकटीची पिशवी घेऊन मी फुटपाथवर उभाच राहिलो. राग आला, बावा. मा रेडिओला कान लावून बसायची, बसऱ्याचं नाव आलं की हातातलं काम टाकायची, आणि तुम्ही तिथे खूश होता. पूर्ण गेम मिळत होता तुम्हाला. मग बूट आठवले आणि तिथेच, भर उन्हात, डोळे भरून आले. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही.

आता इथलं सांगतो. मीना अब्दुल्लातलं आमच्या कंपनीचं काम संपत आलंय. काम संपलं की इकामाही संपला, म्हणजे इथे राहायची परवानगीच संपली. बसऱ्याजवळ कंपनीची एक साईट आहे. तिकडे पुन्हा काहीबाही पेटायच्या बातम्या आल्या आणि तिथला स्टोअर इन्चार्ज सोडून गेला. त्याच्या जागी मी जाणार आहे. बायको आणि मुलगी गावी जातील. मुलीची शाळा अर्ध्यात सुटेल. ती रडली. आज मी घरात शिरलो तेव्हा बायको फोनवर बहिणीला सांगत होती, “ह्यांची बदली झाली, बसऱ्याला.” आवाजात तोच रुबाब. मुलीने वहीतून डोकं वर काढलं. “पप्पा, इज इट अ ट्रान्सफर? ऑर आर यू द सब्स्टिट्यूट?”

मी म्हटलं, आपल्यात दोन्हीला एकच शब्द आहे.

“दॅट्स नॉट ॲन आन्सर,” ती म्हणाली आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

खरंच ते उत्तर नव्हतं. इतकी वर्षं मी स्टोअरच्या खिडकीशी बसून दुसऱ्यांना नटबोल्ट काढून देतोय. इन्चार्ज नेहमी दुसराच कोणीतरी. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि बायकोच्या हाती मी ते लागू देणार नाही, म्हणून इथे लिहितो. मला कोणी पाठवत नाहीये, बावा. मॅनेजरचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हात वर केला होता.