डबा लहान म्हणून

अव्वा,

मी आता भाकरी फोडून विकतो. हे आधीच सांगून टाकतो. कडक भाकरी, तुझीच, ज्वारीची, पापडासारखी पातळ. तू गेल्यावर तुझ्या धाकट्या बहिणीने, मावशीने, थापणं चालू ठेवलं. कॉलेजातलं तासावरचं शिकवणं सुटलं तेव्हा मी तिच्या भाकरी मोबाइलवरून विकायला घेतल्या. पुण्याची, बंगळूरची माणसं मागवतात. मावशी थापते, भाजते. मी खोक्यात भरतो. कुरिअरचा माणूस येऊन घेऊन जातो. रोज संध्याकाळी मी हिशोब मांडतो. पीठ, गॅस, मावशीची मजुरी, खोकं, टेप, कमिशन, कुरिअरचं भाडं. बाकी सगळं जमायचं. भाडं जमायचं नाही.

तुझ्या वेळी भाडं नव्हतं. नातेपुत्याचं एक गिऱ्हाईक यायचं, पागोटंवाले आजोबा. तू चळत फडक्यात बांधून त्यांच्या हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, "एसटीत मांडीवर घेऊन बसा. वर फळीवर ठेवू नका." ते म्हणायचे, "मांडीवर नातू हाय की ओ." "मग नातवाच्या मांडीवर ठेवा. भाकरीला तिकीट लागत न्हाय."

आता लागतं. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची मोजतात आणि ज्याचे पैसे जास्त होतील ते लावतात. भाकरी हलकी, पण ताटाएवढी. भोवती कागदाचे बोळे. म्हणजे खोकं मोठं. मी काट्यावरच्या वजनाने भाडं धरायचो आणि ते उरलेलं नंतर परस्पर कापून घ्यायचे. कितीतरी महिने मी खोक्यातल्या हवेचं भाडं भरत होतो. एवढं करूनही भाकरी वाटेत फुटायची. गिऱ्हाईक फोटो पाठवून पैसे परत मागायचं. एकदा एका बाईंनी असाच फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "फुटल्या आहेत, पण आमटीत कुस्करायच्याच होत्या. राहू द्या." त्या मला धीर देत होत्या. मला त्यात धंदा दिसला.

फोडलेली भाकरी पिशवीत दाबून बसते. खोकं लागत नाही. भाडं निम्म्याहून खाली आलं. 'कुस्करा' असं नाव देऊन मी ती विकायला ठेवली. सुरुवातीला भाजताना तडकलेल्या घेतल्या. मागणी वाढली तशा त्या पुरेनात. मग अख्ख्या घेतल्या.

मावशी दारात उभी आहे. मी चळतीवर तळवा ठेवून दाबतोय.

"ह्या तडकलेल्या हायत काय रं?"

"न्हाय. चांगल्या हायत."

"मग?"

मी तिला भाड्याचं समजावून सांगतो. ती सगळं ऐकून घेते. "मग मी गोल कशाला थापू?" म्हणते. "चौकोनी थापते की. न्हायतर नुसतं पीठ पाठव. तितं त्यांचं ते भाजतील आन् फोडतील."

मी हसलो. तीही हसली. त्या महिन्यात तिची मजुरी पहिल्यांदा वेळेवर दिली. "लई बरं झालं," ती म्हणाली. विषय तिथे मिटला असं मी धरलं.

खरं तर तेव्हाच मला तो दिवस आठवायला हवा होता. मी शाळेत निघालोय. माझा डबा लहान, त्यात भाकरी मावत नाही. टोपलीतली वरची अख्खी भाकरी मी गुडघ्यावर मोडतो. फुटकी आपली, अख्खी गिऱ्हाईकाची, हा तुझा नेम. आणि ती गिऱ्हाईकाची होती. तू चुलीपुढून उठत नाहीस. आवाजसुद्धा चढवत नाहीस. "डबा लहान हाय म्हणून भाकरी फोडलीस व्हय? डबा मोठा घ्याचा." पुढच्या बाजाराला मैंदर्गीहून तू ताटाएवढा गोल पत्र्याचा डबा आणलास. पोरं त्याच्यावर हलगी वाजवायची. पण त्यात भाकरी अख्खी बसायची. तो डबा अजून आहे. त्यात मी टेपचे रोल ठेवतो.

मावशीच्या भाकरी हळूहळू बदलल्या. कड जाड राहू लागली. एखादी लांबट व्हायची, एखादी पानासारखी निमुळती. का सांभाळावं तिने? फुटणारच होत्या. मला दिसत होतं. कुस्कऱ्यात काही कळत नाही म्हणून मी बोललो नाही. उलट ती आता झपाझपा थापते, दिवसाला जास्त होतात, तेही मी नफ्यात धरलं.

यंदा मार्गशीर्षातल्या अवसेला, येळवशीला, पाहुणे यायचे होते. तुझ्या फोटोपुढे ठेवायला एक अख्खी भाकरी हवी होती. मावशी अंघोळ करून परातीपुढे बसली. पहिली एका अंगाला गेली. दुसरीही गेली. तिसरी उचलताना फाटली. तीन गोळ्यांनंतर ती थांबली आणि पिठाचे हात मांडीवर उपडे ठेवून बसली.

मी म्हणालो, "पीठ शिळं असंल."

"परवाच दळलंय." मग तुझ्या फोटोकडे बघून म्हणाली, "अक्का, हात इसरला बघ माझा."

तिने ते मला म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती उठली, हात धुतले आणि आंबिलीकडे गेली.

तेव्हापासून अख्ख्या भाकरी पुन्हा विकायला ठेवाव्यात असं रोज ठरवतो. मोठ्या खोक्याचे भावही विचारून ठेवलेत. संध्याकाळी हिशोब उघडतो, कुस्कऱ्याची ओळ बघतो आणि बंद करतो. मावशीला आता पुन्हा गोल थाप असं कोणत्या तोंडाने सांगू, हेही आहेच.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहितो. येळवशीला तुझ्यापुढे ठेवलेली भाकरी विकतची होती. सात रस्ता चौकाजवळच्या दुकानातून आणली. पाहुण्यांना मी मावशीने थापली म्हणून सांगितलं, आणि मावशी खाली बघत वाढत राहिली. रिक्षात मी ती मांडीवर घेऊन आलो. फुटली नाही.