घर क्रमांक अकरा, मतं दोन

४ जानेवारी, रविवार

आज खोटं बोलले, म्हणून ही वही काढली. सांगायला घरात कुणी नाही आणि बाहेर सांगण्यासारखं नाही.

शेजारचा मगन महापालिकेची मतदार यादी घेऊन आला होता. एका पॅनेलचं काम करतो. म्हणाला, "अक्का, घर क्रमांक अकरा, मतं दोन. तुमचं आणि जितूभाऊचं. येणार ना भाऊ धुळ्याहून?"

"येणार. मतदान चुकवत नाही तो."

सात वर्षं होत आली, माझा मुलगा जितेंद्र या घरात आलेला नाही.

६ जानेवारी

कॉलनीत फिरले. मागच्या वेळी आमच्या मतदानाच्या खोलीत शंभरातल्या अडतीस जणांनी मत दिलं. लाज वाटायला हवी. पण कुणाला वाटते? आणि कॉलनीतल्या निम्म्यांची नावं तर अजून गावच्या यादीत. कुणाचं पारोळ्याला, कुणाचं चोपड्याला. गटार तुंबल्याची तक्रार जळगावात, मत गावात.

समोरच्या बेबाबाईला विचारलं, नाव गावाला कशाला ठेवलंस? तिने भाजी निवडता निवडता सांगितलं, "आठे फक्त घर शे, अक्का. बठ्ठं गोत तठे शे. नाव काढं ते भाऊबंद काय म्हणतीन?"

मी म्हटलं, सगळं गोत तिकडे असेना, जिथे राहतो तिथे नाव हवं. एवढं साधं आहे.

ती हसली. "तुमना जितू कोठे राहस मंग?"

उठून आले.

८ जानेवारी

जितूला मेसेज केला. 'पंधराला मतदान. प्रभागात चार जागा, चार मतं द्यायची आहेत.' दोन निळ्या खुणा उमटल्या. रात्रीपर्यंत तेवढ्याच.

१० जानेवारी

मगनने पत्रक टाकलं. चार उमेदवार, चार फोटो, खाली चिन्हं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं. ज्या दोन चिन्हांवरून मी आणि जितू भांडलो, ती दोन्ही एकाच पत्रकावर. शेजारी शेजारी. फोटोतली माणसं हसताहेत.

हे होते तेव्हा घरात नियम होता. मतदानाला तिघांनी मिळून जायचं आणि कुणी कुणाला विचारायचं नाही. हे म्हणायचे, "मत विचारू नये. जेवलास का, ते विचारावं." हे गेले आणि पुढच्याच लोकसभेला मी विचारलं. जितू धुळ्याहून खास मतदानाला आला होता. शाळेच्या फाटकातच विचारलं. त्याने सरळ सांगितलं. मी म्हणाले, "याच्यासाठी शिकवलं तुला?" चार माणसांत.

"मत माझं आहे, आई. हेही तूच शिकवलंस." पिशवी उचलली आणि स्टँडवर गेला. घरी भरीत झाकून ठेवलेलं होतं.

१२ जानेवारी

परवा वही मिटली, पण खरी गोष्ट राहिलीच आहे. लिहून टाकते.

दोन वर्षांपूर्वी जितूने नाव धुळ्याला हलवायचा अर्ज केला होता. यादीचं काम आमच्या भागात दिपमाला करते, अंगणवाडीतली. ती चौकशीला आली. "अक्का, जितेंद्रदादा आता इथे राहत नाहीत ना?" मी म्हणाले, राहतो. नोकरीपुरता जातो-येतो. तिने लिहिलं, मी सही केली. अर्ज नामंजूर झाला.

जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळलं. पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडला नाही, खोट्या कागदावर सही केली नाही. आणि ही केली. यादीत दोन नावं होती तर घरात दोन माणसं आहेत असं वाटायचं. बाकी कारण नाही.

लोकसभा गेली, विधानसभा गेली. त्याला धुळ्यात मत नाही, इथे तो येत नाही. मी बेबाबाईला शिकवायला जाते.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन कुणी यायचं ते येऊन गेलं. बाजारातून भरताची वांगी आणली, हिरवी, मोठी. दोन किलो. एकटीला दोन किलो!

१५ जानेवारी, गुरुवार

साडेसातला रांगेत पहिली. चार बटणं दाबली. अकरापर्यंत फाटकाशी उभी राहिले. मग घरी येऊन वांगी भाजली, लसूण-मिरची घालून मुसळीने ठेचली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्या. दार उघडं ठेवून बसले. साडेपाचला मतदान संपलं, तेव्हा दार लावलं.

सातला मगन आला, खुशीत. "अक्का, अकरा नंबर पूर्ण! दोन्ही मतं झाली."

"दोन्ही?"

"दीड वाजता आले ना जितूभाऊ. माझ्याकडूनच चिठ्ठी घेतली. रिक्षा थांबवून ठेवली होती, लगेच बसले." मग माझ्याकडे पाहून थांबला. "घरी नाही आले का?"

"आला होता," मी म्हणाले. "जेवून गेला."

शाळेपासून घर दोन गल्ल्या. मत आलं, मुलगा आला नाही.

१६ जानेवारी

फोन केला. त्याने उचलला. मी आधी तेच सांगितलं. "तुझा अर्ज मी अडवला होता."

तो म्हणाला, "माहीत आहे. दिपमालाताईंनी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग काल आलास कशाला?"

"तू लिहिलं होतंस ना, चार मतं आहेत म्हणून."

चारही कुणाला दिलीस, हे अगदी ओठावर आलं होतं. विचारलं, "जेवला होतास का काल?"

"नाही."

१९ जानेवारी, सोमवार

दिपमालाकडे दिला : लेखी जबाब, एक पान. 'माझा मुलगा जितेंद्र या घरात राहत नाही. पूर्वी मी दिलेली माहिती खोटी होती.' सही, तारीख. पोच घेतली. घर क्रमांक अकरा, मत एक.

धुळ्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दिला : स्टीलचा डबा. ताजं भरीत, पुऱ्या. पोच मागितली नाही.