तीन मजली चहा

ती. स्व. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (साष्टांग घालणार होतो, पण एकदा खाली गेलेली कंबर वर येताना फार नखरे करते, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे.) गुडघे काय म्हणतात? लेकीकडची हवा मानवली का? आम्ही दोघं ठणठणीत आहोत आणि लाँड्रीही चालू आहे, म्हणजे शटर रोज उघडतं. तू गेल्यापासून शर्टांच्या कॉलरी मात्र रुसल्यासारख्या पडून असतात.

पत्रास कारण असं की आम्ही चहाला जाऊन आलो. हसू नकोस. आपल्या त्या मोठ्या हॉटेलात, जिथले टेबलक्लॉथ आणि रुमाल आपण तिघांनी वर्षानुवर्षं सांभाळले (तुझ्या भावजयीने धुवायचे, तू इस्त्री करायचे आणि मी सायकलवरून पोचवून बढाया मारायच्या), आणि जिथे मागच्या दारापलीकडे माझं पाऊल कधी पडलं नाही. मग त्यांनी स्वतःची यंत्रं घेतली आणि तेही दार बंद झालं. तर तुझ्या भाचीने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिथला दुपारचा विलायती चहा परस्पर ठरवून टाकला. पैसे परत मिळत नाहीत म्हटल्यावर तुझी भावजय लगेच साडी बदलायला गेली.

हा चहा म्हणजे एक तीन मजली इमारत असते. तळमजल्यावर काकडीची सँडविचं, पावाच्या कडा कापून टाकलेली. (आपल्या हातून कपड्याची एक कड बिघडली की केवढी बोलणी बसायची!) मधल्या मजल्यावर स्कोन, म्हणजे बिस्किट व्हायला निघून वाटेत विचार बदललेला पाव. गच्चीवर बोटभर केक. वेटरने अदबीने सांगितलं की खालून वर खात जायचं असतं. तुझ्या भावजयीने गच्चीवरून सुरुवात केली. चहा एका भांड्यात, दूध दुसऱ्या, साखर तिसऱ्या. एका घरातली तिघं अशी वेगवेगळी बसलेली मला काही बघवेना, मी सगळं एकत्र करून टाकलं.

रुमालाला तोंड पुसायचा धीर मात्र दोघांनाही झाला नाही. जॅमचा डाग काढताना काय होतं, ते तिच्या हातांना ठाऊक आहे. आम्ही आपापल्या खिशातल्या रुमालांनी तोंडं पुसली आणि त्यांचे होते तसे ठेवले. वेटरने विचारलं, “काका, वापरले नाहीत?” तर ही म्हणते, “धुणाऱ्याला तेवढीच सुट्टी.”

आणि बोलता बोलता तिचा हात थबकला. तिच्या बोटांना टेबलक्लॉथच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका लागला होता. आपल्या लाँड्रीची खूण! पुढे मी काही म्हणेपर्यंत तिने ती अख्खी इमारत उचलली. एक स्कोन घरंगळत शेजारच्या बाईंच्या पर्सपर्यंत गेला. आणि खाली, ताई, तो डाग. तपकिरी, इस्त्रीच्या नाकाचा, आणि नाकाचा टवका उडालेला. तुझीच इस्त्री. ह्याच कपड्यावरून तू म्हणालीस खळ जास्त झाली, ती म्हणाली इस्त्री जास्त तापली, आणि बोलण्याने बोलणं वाढून तू इस्त्री पिशवीत घालून निघून गेलीस. आपण समजत होतो की त्यांनी तो कपडा केव्हाच फेकून दिला असेल. कसलं काय! डागावर केक ठेवून ते खुशाल वापरत होते.

वेटर धावत आला, माफी मागू लागला, कपडा बदलतो म्हणाला. तुझ्या भावजयीने दोन्ही तळहात डागावर ठेवले आणि म्हणाली, “राहू दे बाबा. आमच्या घरातला आहे.” मग तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. मी पुरुषासारखा शांत राहिलो आणि तिला स्कोन पुढे केला. नंतर आम्ही बराच वेळ बसलो. ती इमारत काही तिने परत डागावर ठेवू दिली नाही. ताई, तू नाहीस हे मला रोज जाणवतं, तिथे जरा जास्तच जाणवलं.

तुझा,
धाकटा

ता. क. नव्या हलक्या इस्त्रीने कडा बसत नाहीत. तुझी ती जड इस्त्री तिकडे रिकामी पडली असेल तर कोणाच्या तरी हाती पाठवून दे. एवढ्यासाठीच पत्र लिहिलं, बाकी काही नाही.

आणखी एक ता. क. (अक्षर बदललं आहे, कारण ही मी, तुमची भावजय.) वन्सं, नमस्कार. हे पाकीट आणायला गेलेत तेवढ्यात लिहिते. रडले ते हे. वेटरने पाणी आणलं तेही ह्यांच्यासाठीच, आणि हॉटेलचा रुमाल शेवटी वापरावाच लागला. त्या दिवशी खळही जास्त नव्हती आणि इस्त्रीही तापली नव्हती. चहा गार होतोय म्हणून मी हाकांवर हाका मारल्या, आणि तुम्ही इस्त्री तशीच कपड्यावर ठेवून आलात. भांडताना हे मला ठाऊक होतं, पण तोंडातून निघालं नाही. इस्त्री पाठवू नका. घेऊन या. चहा मीच करीन, पण हाक मारणार नाही. कप तुमच्या टेबलापाशी आणून देईन.