बाबांचे केस कधी पिकले?

छोट्या,

तुझे रिपोर्ट टेबलावर ठेवलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉइड ठीक आहे, बी-ट्वेल्व्ह मात्र तळाला गेलंय. गोळ्या फ्रिजवर आहेत, जेवण झाल्यावर घे. सिगरेट सोड, तिनंही केस लवकर पिकतात म्हणे. पिकलेले पुन्हा काळे होतीलच असं नाही, पण बाकीचे पिकायचे जरा लांबतील. जाहिरातीतलं ते तेल मी टाकून दिलंय, उगाच आरडाओरडा करू नकोस.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वडिलांचे केस कधी पिकले?" मला सांगता येईना. बाबा घर सोडून गेले तेव्हा आपण किती लहान होतो, आणि आईपुढे तो विषय काढायची सोय नाही. म्हणून काल दुपारी ऑफिसातून मी त्यांनाच फोन केला. मावशीकडे नंबर होता.

नमस्कार-चमत्कार न करता सरळ तेवढंच विचारलं. ते म्हणाले, "पंचविशीतच. लग्नातसुद्धा कलप लावून उभा होतो. का गं, धाकट्याचे पिकले का?"

मी हो म्हटलं. ते म्हणाले, "त्याला सांग, माझ्याकडून तेवढंच घे. बाकी सगळं आईवर जा."

मला त्यांना एकदा बघायचंय, म्हणून जातेय. संध्याकाळपर्यंत येईन. आईला मी आल्यावर स्वतः सांगेन. तोवर ही चिठ्ठी तिच्या हाती लागू देऊ नकोस.

ताई