धामणगावला मी येणार नाही

खामगाव, कार्तिक मास, १९१८

प्रिय महादेव,

तुझी चिठ्ठी मिळाली. धामणगाव बढ्याचे उत्तमराव औषधांची पेटी न्यायला इथे आले होते, त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि जबाब घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणून ओसरीवर ठाण मांडून बसले आहेत. तू लिहितोस की मानमोडीच्या तापानं सारा मुलूख आडवा केला आहे, एकट्यानं आवरत नाही, तुझा दवाखाना तसाही रिकामा आहे, तर इकडे निघून ये. माझा जबाब आधीच सांगून टाकतो. मी येणार नाही. का येणार नाही ते आता वाच, आणि वाचताना हसू आलं तर खुशाल हस.

'तसाही रिकामा' हे शब्द तू नसते लिहिले तर बरं झालं असतं. खरे आहेत, म्हणूनच लागले. दिवाळी झाली, थंडी पडू लागली, की माझा हंगाम. दरवर्षी या दिवसांत वरवट बकालपासून आपल्या उंद्रीपर्यंतच्या बैलगाड्या माझ्या दारात सुटायच्या. मोतीबिंदू काढलेली म्हातारी माणसं पट्ट्या बांधून रांगेनं पडवीत निजायची आणि तुझी वहिनी अन्नपूर्णा त्यांच्या भाकरी थापून थापून वैतागायची. जाताना कोणी ज्वारीचं पोतं टाकायचं, कोणी तूर, कोणी तूप. यंदा चिटपाखरू नाही. मोतीबिंदूला घाई नसते. घरात कर्ता माणूस तापानं फणफणत असताना म्हातारीला अंधुक दिसतं याची फिकीर कोण करणार? लोकांचं चुकत नाही, हे मलाही कळतं. तरी मी रोज सकाळी हत्यारं उकळतो, पुसतो आणि परत पेटीत ठेवतो. अन्नपूर्णा मात्र तुपाचा डबा खरवडताना जरा जास्त आवाज करते.

आणि तुझं काय चाललं आहे ते माझ्या कानावर येतच असतं. न येऊन जातं कुठे? तुझ्या दमणीचे बैल गावाच्या शिवेत शिरले की बाया ताट घेऊन ओवाळायला उभ्या असतात म्हणे. कोण्या बाईनं पोराचं नावच महादेव ठेवलं म्हणे. हे मला सांगणारे लोक कोण, तर ज्यांचे डोळे मी उघडले ते. माझ्याच खुर्चीवर बसून तुझी आरती गातात. महादेव, मी तुझ्यावर जळतो. आडपडदा ठेवत नाही, चांगला खरपूस जळतो. मुंबईला शिकत असताना डोळ्याची पहिली शस्त्रक्रिया पाहून तू धाडकन खाली पडला होतास आणि मीच तुझ्या तोंडावर पाणी मारलं होतं. सगळ्या वर्गात सुई धरावी ती मी, असं आपले गुरुजी म्हणायचे. मग मी अवघड विद्या धरली आणि तू खोकला-पडसं धरलंस. आता खोकल्या-पडशाला राजयोग आला आहे.

सरकारलाही माझी आठवण झाली, हे तुला सांगायचं राहिलं. गेल्या हप्त्यात चपराशी कागद घेऊन आला. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, बोलावणं आलं. अन्नपूर्णेनं लगबगीनं माझा कोट झटकून ठेवला. कागदात लिहिलं होतं की आपल्या दवाखान्यातले पलंग वापरात नसल्यास तापाच्या रोग्यांसाठी द्यावेत. डॉक्टरबद्दल अवाक्षर नव्हतं. पलंग दिले. आता रिकाम्या खोल्यांत माझा मलाच आवाज घुमून ऐकू येतो, म्हणून मी त्या बंद करून ठेवल्या आहेत.

हिंमतराव तर तुला माहीतच आहे. माझा कंपाउंडर, मी घडवलेला. दसऱ्याला सोनं द्यायला आला आणि पायावर डोकं ठेवून म्हणाला, 'साहेब, इथं बसून मले करमून नाही राह्यलं, मी महादेवरावकडे जातो.' मी जा म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आता तोही तापानं पडला आणि त्याला त्याच्या गावी पोचवला, असं उत्तमराव सांगतात. बरा आहे म्हणे. चांगलं झालं. पण तुझ्याकडे जाऊन आजारी पडण्याचाही मान त्याला मिळाला, असा विचार माझ्या मनात आला, एवढा मी कामातून गेलो आहे.

तू म्हणशील, शेषराव, तुला तापाचं औषध देता येत नाही का? देता येतं. तुझ्याइतकंच येतं. कोयनेल मलाही ठाऊक आहे, ऊब द्यावी, पेज पाजावी, छाती भरली तर काय करावं, हेही ठाऊक आहे. देऊन पाहिलं. पण वरवट बकालला पुंजाजीच्या घरी काय झालं ते तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही, नाहीतर तू मला बोलावलंच नसतंस.

पुंजाजीची आई तानुबाई माझी जुनी रोगी. दोन्ही मोतीबिंदू मी काढले. पोराला ताप चढला तेव्हा तिनं विश्वासानं गाडी पाठवली. मला एवढा आनंद झाला की मी जेवण टाकून निघालो. पुंजाजी ग्लानीत होता. मी त्याच्याजवळ बसलो आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, नाडीच्याही आधी, अंगठ्यानं त्याची पापणी वर उचलली. बस. आपल्या वऱ्हाडात घरच्या माणसाची पापणी कोण आणि केव्हा उचलून पाहतं, ते तुला सांगायला नको. तानुबाईला आता दिसतं ना, माझ्याच कृपेनं? तिला माझा अंगठा तेवढा स्वच्छ दिसला. तिनं जो हंबरडा फोडला, त्यासरशी साऱ्या गल्लीतल्या बाया ऊर बडवत आत आल्या. चुलतभाऊ तिरडीचे बांबू पाहायला धावला. त्या गोंधळानं पुंजाजीच जागा झाला, उठून बसला आणि विचारू लागला, 'कोन मेलं बे?'

हसलास ना? मीही हसलो असतो. पण त्या दिवसापासून गावोगाव बोललं जातं की डोळेवाले डाक्टर तापाच्या घरी गेले म्हणजे डोळे मिटाची येळ आली. मी रस्त्यानं निघालो तर माणसं दार लोटून घेतात. शेगावच्या वाटेवर एका बाईनं तर हात जोडून विनवलं, 'बाप्पा, आमच्याकडे कोनी नाही बिमार, तुमी पुढं जा.' आतून खोकल्याचा आवाज येत होता. मी पुढं गेलो. पुंजाजी बरा झाला, आणि त्याचं श्रेय कोणाला? त्याचा साळा धामणगावचा, तो तुझ्याकडून बाटली घेऊन आला होता. माझं औषध त्यांनी उकिरड्यावर ओतलं आणि तुझं पाजलं. दोन्ही बाटल्यांत एकच मिक्श्चर होतं, महादेव. मी वास घेऊन पाहिला.

तेव्हा मला बोलावून तुझा काय फायदा? मी दारात उभा राहिलो तर तुझ्याकडची गर्दीही पळेल. शिवाय मला ते पाहवणार नाही. तू पोटाला हात लावून 'काल काय खाल्लं होतं?' विचारतोस आणि माणसं निम्मी बरी होतात. माझ्या हाताखालून आंधळे पाहू लागले, तरी जाताना ते माझ्याशी जपूनच बोलले. माझी भीती वाटते लोकांना. तुझी माया वाटते. हे तापानं नव्यानं झालेलं नाही, तापानं फक्त उघडं पाडलं. अन्नपूर्णासुद्धा 'महादेवभावजी' म्हणताना जो आवाज काढते, तो माझ्या वाट्याला कधी आला नाही.

इथपर्यंत लिहून मी नकाराची चिठ्ठी संपवणारच होतो. उत्तमरावांना जेवायला वाढलं. ते गृहस्थ जेवताना तुझे पोवाडे गाऊ लागले. महादेवराव गाडीतच निजतात, बसल्या बसल्या घास हातात घेऊन डुलक्या घेतात, घरी अंघोळीला तेवढे जातात. आणि खरं सांगू? मला तुझ्या थकव्याचाही हेवा वाटला. मी इथे रोज आठ-आठ तास निजतो आणि उठतो तेव्हा अंग मोडून आलेलं असतं. तुझ्यासारखं दमून पडायला मिळावं, असं मला वाटलं.

मग अन्नपूर्णेनं भाकरी वाढता वाढता त्यांना विचारलं की सुभद्रावहिनी कशा आहेत. उत्तमराव घास खाली ठेवून ताटाकडे पाहत म्हणाले, 'वहिनीनं सांगू नका म्हनलं होतं. पन महादेवरावच तापून राह्यले. अंगावर घोंगडं घेऊन गाडीत बसतात. काल थुंकीत लाल होतं.' अन्नपूर्णेच्या हातची भाकरी तशीच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि कोट आणून ठेवला.

लेका, चिठ्ठीत सारा मुलूख लिहिलास, पण स्वतःबद्दल चकार शब्द नाही? 'एकट्यानं आवरत नाही' याचा अर्थ हा होय? आता मुकाट्यानं ऐक. हा कागद मी माझ्या आधी पाठवतो आहे तो एवढ्यासाठी की मी पोचण्याआधी तू गावात सांगून ठेवायचंस, खामगावहून हिंमतरावच्या जागी नवा कंपाउंडर येतो आहे म्हणून. डोळ्याचा डॉक्टर येतो असं वहिनी आणि उत्तमरावांशिवाय कोणालाही कळू देऊ नकोस. अन्नपूर्णेला तिच्या भावाकडे सोडतो आणि उद्या जलंबला गाडी बदलून मलकापूरला उतरतो, तिथे दमणी पाठव. तू आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून राहायचंस, सुभद्रावहिनींना कडी लावायला सांग. रोगी मी पाहीन. नाडी धरीन, पोटाला हात लावीन, काल काय खाल्लं तेही विचारीन. बाटली मी भरीन आणि देताना सांगीन की महादेवरावांनी दिली आहे. माणसं जगली तर तुझी जगली म्हणू दे, मला त्याचा त्रास होईल आणि तो मी सोसीन. तू तेवढा जग. तू गेलास तर या उभ्या वऱ्हाडात मी जळावं असा दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

तुझाच,
शेषराव