मॅडमचा तिसरा नवरा

३ मार्च २०२६
इथे जर्मनीत, बॉनमध्ये बरीच घरं पुसली, पण असली बाई पाहिली नाही! मॅडम लीडिया. रशियाच्या बादशहाच्या घराण्यातली. तिकडे राजाला गोळ्या घातल्या, तेव्हा हिची आजी पळाली. अख्खं खानदान तडीपार! आता ही ऐंशीची. मनगट काळंनिळं. म्हणते, "दार लागलं." दाराला बोटं असतात का?

५ मार्च
दार म्हणजे क्लाउस. तिचा तिसरा नवरा. सूप गार होतं म्हणून काचेचा वाडगा तिच्या अंगावर भिरकावला. काचा मी वेचल्या.

९ मार्च
मी इस्त्री करत होते, मॅडम बोलत होती. पहिला नवरा राजपुत्र – मारून कान फोडला. दुसरा ड्रायव्हर. देवमाणूस! पण बरोबरीचा नाही, म्हणून घरच्यांनी हिचं नाव टाकलं. राजकन्या म्हणणं बंद. तो मेला, मग हा क्लाउस.

म्हणजे पाटच की! मीपण पाटाचीच. पहिल्याने दात पाडले, त्याला सोडून ह्यांच्याशी पाट लावला. हळद नाही, वाजंत्री नाही. गावाकडे अजून कुणी माझी ओटी भरत नाही.

म्हटलं, सोडा त्याला. तर म्हणते, "प्रभा, अजून किती घरं सोडू?"

१२ मार्च
हे म्हणतात, "तू लादी पुस आणि घरी ये. मोठ्यांच्या भानगडीत पडू नकोस." बघू!

१३ मार्च, शुक्रवार
तिची ओटी कोण भरणार? मीच भरली. तांदूळ, खण, नारळ. मॅडम पदर नाही म्हणून स्वेटरच पसरून बसली. हसली, मग रडली.

तेवढ्यात क्लाउस आला. "ही कसली घाण?" नारळ उचलला आणि हाणला तिच्यावर! खांद्याचं हाड कडकन वाजलं. ती पडली तर वर लाथ घातली.

मी लोखंडी तवा घेतला. एक डोक्यात, एक तोंडावर. रक्त माझ्या हातावर. तो "बिटं, बिटं" करत होता, म्हणजे प्लीज, प्लीज. विनवण्या! थांबले नाही. शेवटी शेजारीण पोलिसांना घेऊन आली.

१४ मार्च
दवाखान्यात मॅडमने पोलिसांना सगळं खरं सांगितलं; मी तिला वाचवायला तवा उचलला, हेही. पोलिसांनी क्लाउसला घराबाहेर काढलं, किल्ली काढून घेतली. आता तू तडीपार, मेल्या!

ह्यांनी चहा करून दिला.

२० मार्च
मॅडमने त्याला परत घरात घेतलं. जबाब फिरवला. म्हणते, हाड प्रभाने मोडलं.