आडव्या लाकडाचा भार

शुक्रवार, ७ सप्टेंबर

काल माझ्या लेकीने, कारिनाने, डॉक्टरांसमोर सांगितले की मी एकच गोष्ट दोनदा सांगते. डॉक्टरांनी मान डोलावली आणि मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तारीख सांगितली, आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर अजून ऑगस्टवरच आहे हेही सांगितले. उपयोग झाला नाही. म्हणून हे लिहायला घेतले आहे. जे घडेल ते त्याच दिवशी लिहून ठेवायचे. एकटी राहण्याइतकी मी शाबूत आहे की नाही, ते मीच तपासीन. जन्मभर दुसऱ्यांचे भूमितीचे पेपर तपासले, आता स्वतःचा.

परतताना गाडीत बोलणे झाले. मार्चमध्ये बर्फाने सरपणाच्या शेडचे छप्पर बसले, तेव्हापासून तिने हाच धोशा लावला आहे. ओले लाकूड जाळत मी मे महिना गाठला, धुराड्यात काजळी धरली. "पुढचा हिवाळाही असाच काढणार आहेस?" शेवटी ठरले ते असे — हरणांची शिकार सुरू व्हायच्या आत, म्हणजे पंधरा नोव्हेंबरपर्यंत, नवी शेड उभी राहिली आणि सरपण आत गेले, तर मी इथेच. नाही तर ग्रीन बे शहरात, तिच्या घरी. पंधरा तारखेनंतर इथे हातोडा धरायला कोणी सापडत नाही. सगळे जंगलात.

मी म्हणाले, मान्य.

रविवार, ९ सप्टेंबर

पडलेली शेड नीट पाहिली. आर्व्हिडने बांधली होती. गेलेल्या नवऱ्याला नावे ठेवायची नाहीत, पण वासे बारीक होते. दोन-बाय-चार इंची, आणि दोन-दोन फुटांवर एक. वरच्या अंगाला साउनाचे, आमच्या वाफेच्या न्हाणीघराचे, छप्पर आहे. तिथला बर्फ घसरून थेट या शेडवर येतो. म्हणजे दोन छपरांचा बर्फ एकाच छपराने धरायचा. आर्व्हिड होता तोवर तो दर वादळानंतर शिडी लावून वरचा बर्फ खाली ओढायचा. शेड त्याच्या फावड्यावर उभी होती, वाशांवर नाही.

भिंतींचे खांब मात्र एकही मोडलेला नाही. तेही दोन-बाय-चारच. उभे लाकूड भार सोसते, आडवे वाकते. यात नवीन काही नाही, काठी हातात घेतलेल्या कुणालाही ठाऊक असते.

ठरवले — भिंतींना दोन-बाय-चार. वाशांना आणि जमिनीखालच्या आडव्या कड्यांना दोन-बाय-सहा, सोळा इंचांवर एक. दहा फूट बाय बारा फूट. एकपाखी छप्पर, उतार साउनापासून दूर.

बुधवार, १२ सप्टेंबर

वखारीत गेले. मालकाला अख्खे गाव ज्युनियर म्हणते, साठी उलटली तरी.

"दोन-बाय-सहा? एल्माबाई, सरपण ठेवताय की रणगाडा?"

म्हटले, सरपणच.

"मग दोन-बाय-चार पुरे की. सगळे तेच नेतात."

"तुझ्या शेडवरचा बर्फ कोण काढतं?"

"मीच. फावड्यानं."

"मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, ज्युनियर. मी शिडीवर चढणार नाही. मी चढायचं नाही, तर ते काम लाकडानं करायला हवं."

मग तो तयार शेडचे चित्र दाखवू लागला, खिडकीला कुंडीसुद्धा होती. मी हातमोजे घातले.

शनिवार, १५ सप्टेंबर

कारिनाचा फोन. आठवड्यातला तिसरा. मी जेवले का, गोळी घेतली का, काय लिहिले. मी जावयाची चौकशी केली, डेल कसा आहे? म्हणाली, "कामावर." शनिवारी, न्याहारीच्या वेळी. असेल.

मंगळवार, १८ सप्टेंबर

पाऊस. आराखडा काढला. पट्टी जुनीच, लाकडी.

गुरुवार, २० सप्टेंबर

रूडी काउप्पी आला. रस्त्यापलीकडे राहतो, माझा जुना विद्यार्थी. अजून मला बाई म्हणतो आणि माझ्यासमोर टोपी काढतो. गोठ्याच्या माळ्यावर माझ्या वडिलांच्या गिरणीतल्या फळ्या पडून आहेत, लार्चच्या, रंधा न मारलेल्या. त्या त्याने खाली काढल्या. एक खांद्यावर घेतली आणि वाकला.

"बाई, हे लाकूड आहे की लोखंड?"

"लार्च आहे. तुझ्या वयाहून जुनं."

"म्हणजे कुरकुरणार नाही. मी कुरकुरतो."

बारा फळ्या निघाल्या, बारा-बारा फुटांच्या. कीड नाही. वास अजून गिरणीचा. ठरवले, या जमिनीच्या कड्यांना घालू. जुन्या आहेत, खाली दिसणार नाहीत. पण कापणीत नासधूस होते, कदाचित पुरायच्या नाहीत. म्हणून ज्युनियरकडूनही थोड्या कड्या मागवल्या आहेत, वाशांच्या लाकडासोबत येतील. वर नवे सरळ लाकूड बरे.

रूडीने कॉफीबरोबर वेलदोड्याच्या पावाचे चार तुकडे खाल्ले. बायको गेल्यापासून तो कुणाकडेही नीट बसत नाही, उभ्यानेच खातो. मी त्याला बसवले.

मंगळवार, २५ सप्टेंबर

वखारीचा ट्रक आला. पाया सपाट केला, पाणसळ लावून पाहिली. बुडबुडा मधोमध. समाधान.

गुरुवार, २७ सप्टेंबर

आज चूक झाली. सगळी लिहिते.

कड्या मांडल्या. रूडीने ढिगातून हाताला येईल ती उचलली, एक वडिलांची, एक वखारीची, आणि मी त्याला थांबवले नाही. वर फळ्या टाकल्या तर जमीन होडीसारखी डुलते. पाणसळ ठेवली, बुडबुडा पळाला. वडिलांची कडी पुरी सहा इंच. वखारीची साडेपाच. वखारीत रंधून, वाळवून देतात. नाव दोन-बाय-सहा, अंगात दीड-बाय-साडेपाच. हे इथे शाळकरी मुलालाही माहीत असते. आर्व्हिडबरोबर वखारीत गेले तेव्हा तेव्हा हे पाहिलेले आहे. आणि आराखड्यात मी सगळीकडे सहा लिहिले. सुबक अक्षरात.

रूडी म्हणाला, "बाई, अर्धा इंच. पाचर मारली की झालं."

मी म्हणाले, पाचरीवर उभे राहायचे नाही. सगळे काढ.

तेवढ्यात घरात फोन वाजला. माझे हात मातीचे होते, म्हणून त्याने घेतला. कारिना होती. रूडीला खोटे बोलता येत नाही, शाळेतही यायचे नाही.

तिला म्हणे हसू आले नाही. "बघ रूडी, हेच मी सांगत होते" म्हणाली. शनिवारी येते आहे.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

झोप बरी. वार, तारीख, पाढे, राष्ट्राध्यक्षांची नावे, सगळे येते. तरी सहा लिहिले.

शनिवार, २९ सप्टेंबर

कारिना आली. एकटीच. दोन दिवसांसाठी केवढी मोठी बॅग!

अंगणात उभी राहून उखडलेल्या कड्यांकडे पाहत होती. बापाची सवय, हात पाठीमागे.

"आई, तू विसरलीस. मान्य कर."

"विसरले नाही. आठवलं."

"म्हणजे?"

"माझ्या वडिलांच्या गिरणीत दोन-बाय-सहा म्हणजे दोन-बाय-सहा होतं. ते लाकूड हातात आलं आणि हातानं तेच लिहिलं."

"हा फरक डॉक्टरांना समजावून सांग."

"तुला समजला तरी पुरे."

तिने पायाने एक कडी सरळ केली. मग म्हणाली, "आणि स्वयंपाकघरात गॅस चालू राहिला, तर तेव्हाही आठवलंच म्हणशील?"

प्रश्न वाजवी आहे. लिहून ठेवते — गॅस अजून एकदाही राहिलेला नाही. पण हे लिहिले म्हणून पुढे राहणार नाही, असे होत नाही.

रविवार, ३० सप्टेंबर

सकाळी चर्चला नाही गेलो. कॉफी घेऊन दोघी फळ्यांच्या ढिगावर बसलो. कारिना अचानक म्हणाली, "आजोबांच्या फळ्या खाली का घालतेस? भार तर वर आहे."

खरे आहे. जुने म्हणून खाली लपवायला निघाले होते. पुऱ्या मापाचे, न रंधलेले, सगळ्यांत दणकट लाकूड आणि त्यावर काय, तर सरपण. आणि बर्फाखाली रंधलेले. वासे दहा लागतात, फळ्या बारा. दोन गाठाळ आहेत, त्या सोडायच्या. वाशांना मागवलेल्या नव्या फळ्या जमिनीला. एका जागी एकच जात — वडिलांचे सगळे वर, वखारीचे सगळे खाली. अर्ध्या इंचाचा प्रश्नच उरत नाही.

मी म्हणाले, "हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"हं. विसरलीस."

या वेळी हसली.

सोमवार, १ ऑक्टोबर

आज जाणार होती. म्हणते, बुधवारी जाते, रजा शिल्लक आहे.

बुधवार, ३ ऑक्टोबर

गेली नाही. जमीन पक्की झाली. बुडबुडा मधोमध. भिंतींचे सांगाडे आडवे जुळवून उभे केले, रूडी एका टोकाला, कारिना दुसऱ्या. मी ओळंबा धरला आणि दोघांना ओरडले. दोघेही ऐकतात, शाळेचा उपयोग.

शनिवार, ६ ऑक्टोबर

चार वासे चढले. लार्चमध्ये खिळा सरळ जात नाही, वाकतो. आधी भोक पाडावे लागते. प्रत्येक बाजूला एक माणूस हवाच. मी एकटीने हे केले नसते. लिहून ठेवते, कारण तेही खरे आहे.

संध्याकाळी साउना तापवला. आम्ही दोघीच. लहानपणापासून कारिना साउनात आली की वरच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून. बराच वेळ शेगडीवरच्या तापलेल्या दगडांकडे पाहत होती.

"आई, तू तिकडे आली असतीस तर बरं झालं असतं."

"माझ्यासाठी?"

"घरात कुणीतरी असतं."

"डेल असतो ना?"

तिने पळीभर पाणी दगडांवर टाकले. आणखी एक पळी. वाफेत काही दिसेना. मी विचारले नाही. साउनात माणूस सांगतो, विचारायचे नसते.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

दहाही वासे चढले. बाहेर जाऊन पाहिले. एका रेषेत.

दुपारी कारिना डेलशी फोनवर बोलली, गोठ्यामागे जाऊन. परत आली तेव्हा हातोडा घेतला आणि नको तिथे खिळे मारत राहिली. रूडी मला हळूच म्हणाला, "बाई, ती फळी आता वादळातसुद्धा हलायची नाही." मी त्याला पत्रे मोजायला पाठवले.

रविवार, १४ ऑक्टोबर

छपरावर पत्रे चढले. कारिना गेली. बॅग गाडीत टाकताना म्हणाली, "सरपण आत जायचं आहे अजून. तोपर्यंत तू जिंकली नाहीस." पाव दिला बरोबर, अख्खा. तो दोघांना पुरेल म्हणाले. तिने फक्त आरसा नीट केला.

सोमवार, २२ ऑक्टोबर

सरपण रचते आहे. मेपल खाली, बर्च वर. रोज थोडे. कंबर बोलते.

रविवार, २८ ऑक्टोबर

पहिला बर्फ. नुसता शिडकावा.

शनिवार, ३ नोव्हेंबर

शेवटची रांग लावली. दार बसवले. कारिनाला कळवले नाही. बर्फाची परीक्षा झाली नाही, तर निकाल कसला?

रविवार, ११ नोव्हेंबर

परवापासून वादळ. ओला, जड बर्फ, मार्चमध्ये पडतो तसा. आज दुपारी सूप ढवळत होते, तेवढ्यात धप्प आवाज — साउनाच्या छपरावरचा सगळा बर्फ एकदम शेडवर आला. भांडी हलली. गॅस बंद केला (लिहून ठेवते) आणि बूट घालून गेले.

उभी आहे. आत जाऊन मधल्या वाशाखाली बोटभर अंतर ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली. वासा दोरीला टेकला नाही. वर कंबरभर बर्फ आणि आत लाकूड कोरडे, वास वडिलांच्या गिरणीचा. थोडा वेळ तिथेच ओंडक्यांवर बसले. शिडी भिंतीला टांगलेली आहे. हात लावला नाही.

मग फोन केला.

"शेड उभी आहे. सरपण आत आहे. दोन छपरांचा बर्फ वर आहे."

पलीकडे काही नाही. वाटले, लाइन गेली.

"कारिना?"

"ऐकतेय. बरं झालं, आई." मग म्हणाली, "म्हणजे आता तू यायचं काही कारण उरलं नाही."

हे ती हरल्यासारखे बोलली नाही. आणखी काहीतरी गेल्यासारखे बोलली. फोन ठेवल्यावर मी सूप पुन्हा गरम केले आणि खाल्ले नाही. सगळा शरद ऋतू मला वाटत होते की वजन माझ्यावर आहे. ती मला आधार द्यायला नेत नव्हती. मागायला नेत होती.

सोमवार, १२ नोव्हेंबर

पुन्हा फोन केला. प्रश्न विचारला नाही. एवढेच म्हणाले की पूर्वेच्या रिकाम्या खोलीतली शेगडी पेटवून पाहिली, धूर नीट जातो. ती रडली. मी फोन धरून उभी राहिले. ती आधी गप्प झाली, मग मी ठेवला.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

पहाटेपासून बंदुकांचे आवाज. रस्त्यावर एक माणूस नाही. रूडीसुद्धा गेला, जाताना शेडच्या दारापर्यंतचा बर्फ ओढून गेला. म्हणाला, "बाई, हरीण मिळालं तर एक मांडी तुमची." दर वर्षी म्हणतो. मिळत नाही.

शनिवार, १७ नोव्हेंबर

कारिना आली. गाडी छपरापर्यंत भरलेली, हिवाळ्याचे कपडे, दिवा, शिवणयंत्र. डेलबद्दल तिने चहा घेताना दोन वाक्यांत सांगितले. ती इथे लिहीत नाही, तिची आहेत.

आज तिच्या हवाली केले — घराची किल्ली एक. पूर्वेची खोली, शेगडीसह. कपाटाचे खालचे दोन खण. सरपण आणायचा सकाळचा फेरा. मी दिले, तिने घेतले.